नेपल्सची लाल रेघ

मुलाकडे परदेशात, पापाटोएटोला राहायला गेले तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "आई, एकटी बाहेर पडू नकोस हं. इथले रोड्स तुला नाही कळणार." जन्मभर शाळेत भूगोल शिकवून हे ऐकायचं! मला भयंकर राग आला. तरी तो बाहेर घेऊन जाईल त्या शनिवारची वाट बघायला शिकले.

अशाच एका शनिवारी जुन्या वस्तूंच्या दुकानात मला घडीचा एक नकाशा मिळाला. नेपल्सचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. आगबोट बंदरात थांबली की प्रवाशांनी तेवढ्यात शहर पाहून यावं म्हणून छापलेला. धक्क्यावरून निघालेली लाल रेघ चर्च, संग्रहालय, पोस्ट असं करत पुन्हा धक्क्याला येत होती. ना भाषा येत, ना कुणी ओळखीचं, तरी ती माणसं उतरायची आणि बोट सुटायच्या आत परतायची. मग मला काय धाड भरली होती?

मी तसाच नकाशा काढला. घर, स्टेशन, गाडीने ओटाहुहु, तिथून पूर्वेला बाजार आणि परत. सोमवारी मुलगा-सून कामावर गेल्यावर निघाले.

ओटाहुहुला टळटळीत दुपार होती. दुपारचा सूर्य दक्षिणेला, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलं की डावा हात पूर्व, असं म्हणत ठसक्यात चालू लागले. बाजार काही येईना. नुसती गोदामं आणि ट्रक. घाबरले. पर्समध्ये मोबाइल होता. एक फोन केला असता तर मुलगा धावत आला असता, आणि माझं बाहेर पडणं कायमचं बंद झालं असतं. फोनला हात लावला नाही.

एका भिंतीच्या सावलीत नकाशा उघडला आणि लख्ख प्रकाश पडला. इथे, दक्षिण गोलार्धात, दुपारचा सूर्य उत्तरेला असतो! हेच तर मी वर्गावर्गांतून घोकून घेतलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नकाशा उलटा धरला आणि आल्या वाटेने मागे फिरले.

संध्याकाळी मुलाने ओट्यावर मेथीची जुडी पाहिली.

"ही कुठून आली?"

"ओटाहुहुहून. मी आणली."

"आई, आर यू सीरियस? एकटी? आणि हरवली असतीस म्हणजे?"

"हरवले होते की," मी मेथी निवडत म्हणाले. "मग माझी मीच सापडले."