ताईचे चौतीस पॉइंट

फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये बेअरिंगचे खोके मोजत होतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत गेली सव्वीस वर्षं माझं काम हेच आहे. मोजायचं, लिहायचं, पुढे खूण करायची. पलीकडून माझ्या थोरल्या बहिणीच्या शेजारीणबाई बोलत होत्या. "भाऊ, लगेच निघा... ताई उठतच नाहीयेत." मी आधी हातातला आकडा वहीत लिहिला आणि मग निघालो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बदलापूर गावातल्या तिच्या घरी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. ताई कुशीवर झोपल्यासारखी दिसत होती, चष्मा उशीशेजारी घडी करून ठेवलेला.

पुढच्या सगळ्या गोष्टींची यादी मीच केली. तिच्या मुलाला, निलेशला, कॅनडात कळवणं, बौद्धाचार्यांना फोन, पुण्यानुमोदनासाठी सतरंज्या, खुर्च्या, मेणबत्त्या, पांढरी फुलं, भोजनदान. प्रत्येक ओळीपुढे खूण झाली. पुण्यानुमोदनाला लोक चांगलं बोलले. शाळेच्या कचेरीत तिने तीस वर्षं काम केलं, कुणाचा दाखला अडू दिला नाही, विहारात बायकांना एकत्र केलं... सगळं खरं होतं. पण बासष्टाव्या वर्षापासून ही बाई दर रविवारी अकरा ते एक टीव्हीसमोर बसून राक्षसांना बडवत होती, हे कुणीच बोललं नाही. कारण ते फक्त मला माहीत होतं. म्हणून हे लिहायला बसलो.

निलेश परदेशी गेला तेव्हा त्याचं गेम खेळायचं यंत्र घरीच राहिलं होतं. भावोजी त्याच्या आधीच वारलेले. मी लग्न केलेलं नाही, उल्हासनगरला एकटा राहतो. रविवारी स्कूटरवरून तिच्याकडे जायचो, नळ, पंखा, जे काही बिघडलं असेल ते दुरुस्त करायचो आणि जेवून परतायचो. एका रविवारी काहीच बिघडलेलं नव्हतं. आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. मग ताई म्हणाली, "दिन्या, ते निलेशचं डबडं चालू होतं का बघ जरा." चालू झालं. आत एकच गेम होता. चार महावीरांची टोळी एक शहर वाचवायला निघते. दोन माणसं खेळत असतील तर दोन वीर ती चालवतात, उरलेले दोन यंत्र सांभाळतं. ताईने बघताक्षणी सगळ्यात धिप्पाड, दगडाच्या अंगाचा गडी निवडला आणि त्याचं नाव दगडोबा ठेवलं. मला म्हणाली, "तू तो विजेवाला घे. हाडकुळा आहे, तुझ्यासारखाच."

मी वही घातली. कोणत्या राक्षसाचा मार कुठून येतो, कोणत्या दारामागे औषध आहे, कोणतं बटण कशाचं, सगळं तारीखवार. ताई हसायची. "शिंक यायच्या आधी तिचीसुद्धा यादी करशील तू." ती मात्र खेळ सुरू झाला की आधी पडद्याला "जयभीम मंडळी, चला" म्हणायची आणि समोर येईल त्याला हाणत सुटायची. यंत्राच्या ताब्यातली एक उडणारी मुलगी सारखी भिंतीत अडकायची. मोहीम हातची जायची वेळ आली तरी ताई मागे फिरायची. "ती पोरगी राहिली ना रे मागे." तिला वाचवण्याची गरज नसते, ती आपोआप येते, हे मी वहीत दाखवलं. "येत असेल. आपण जायला काय होतं?" असं म्हणून ती दगडोबाला मागे वळवायची.

तिच्या दणक्याने बटणं मोडायची. मी तो हातात धरायचा रिमोट घेऊन उल्हासनगरच्या बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्या सिंधी काकांकडे जायचो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ते म्हणाले, "साईं, बच्चे को बोलो थोडा हलके हाथ से खेले." मी म्हटलं, "बच्चा चौसष्ट साल का है." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि जाड रबर बसवून दिलं. ताईला सांगितलं तर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढे कितीतरी रविवार मी आलो की तीच विचारायची, "काका काय म्हणतात? बच्चा सुधरला का?"

आता मुद्द्याचं. या खेळात प्रत्येक मोठ्या लढाईनंतर वीराला पॉइंट मिळतात. ते वापरून त्याच्या अंगी नव्या शक्ती आणायच्या. मी माझे मिळाल्या दिवशीच वापरून टाकायचो. ताईने मात्र सुरुवातीपासून एकही वापरला नाही. साठता साठता चौतीस झाले. दगडोबा त्यामुळे कच्चा राहिला, आम्ही मार खायचो, शेवटच्या मोहिमेत तर सहा वेळा हरलो. मी कुरकुर केली की म्हणायची, "घाई काय आहे? बघते मी." खरं तर पडद्यावरच्या शक्तींची चित्रं ती फार निरखून बघायची. एकेका चित्रावर थांबायची, मान हलवायची, पुढे जायची.

गेल्या हिवाळ्यात तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. घरून टॉवेल, जुने रिपोर्ट, चष्मा आणायची यादी घेऊन मी बदलापूरला गेलो. सामान पिशवीत भरून झालं. दवाखान्यात भेटायच्या वेळेला अवकाश होता. वाटलं, घरी येईल तेव्हा तिला दगदग नको, दगडोबा भक्कम असलेला बरा. मी यंत्र सुरू केलं, वही उघडली आणि माझ्या यादीप्रमाणे तिचे चौतीसच्या चौतीस पॉइंट वापरून टाकले. दहा मिनिटं लागली असतील. वहीत खूणही केली.

ती घरी आल्यावर दुसऱ्या रविवारी आम्ही खेळायला बसलो. तिने "जयभीम मंडळी" म्हटलं, एक बटण दाबलं. दगडोबाने जमिनीवर मूठ आपटली आणि समोरचे सगळे एका झटक्यात आडवे झाले. मी म्हटलं, "बघ." ताईने रिमोट मांडीवर ठेवला.

"हे तू केलंस?"

"तुला सोपं जावं म्हणून."

"अकरा दिवस त्या पलंगावर पडून मी तेच तर ठरवत होते रे. एकेक चित्र आठवून. नर्स म्हणायची, आजी, कसला हिशेब लावताय बोटांवर?"

"मग काय ठरवलं होतंस?"

"आता सांगून काय करू..." एवढंच म्हणाली आणि भात टाकायला उठली.

वडिलांनी तिचं लग्न ठरवलं होतं, भावोजींनी घर. नोकरी कधी सोडायची, तेही तिच्या गुडघ्यांनी ठरवलं. हे मला तेव्हा सुचलं नाही, आता सुचतंय. त्यानंतर आम्ही आणखी तीन रविवार खेळलो. सहा वेळा हरवणारी ती मोहीम अर्ध्यापर्यंत सहज पार झाली. ताई नीट खेळली, पण अडकलेल्या पोरीसाठी मागे वळली नाही. माझ्या डायरीत त्या तीन रविवारांच्या पानांवर एकच ओळ आहे, "ताईला विचारणे, काय ठरवलं होतं." तिन्ही पानांवर पुढे खूण नाही. नंतरच्या बुधवारी फोन आला.

निलेश आला होता. घर आवरताना म्हणाला, "मामा, यंत्र तुम्ही न्या." मी त्याला सगळी हकिगत सांगितली. तो सहज म्हणाला, "अहो, ते पॉइंट परत घेता येतात की. सेटिंगच्या तिसऱ्या पानावर आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, मामा."

माझ्या वहीत सेटिंगच्या पहिल्या दोनच पानांच्या नोंदी होत्या. तीन रविवार ती माझ्या शेजारी बसली होती, आणि तिचं तिला परत द्यायला एक बटण पुरलं असतं...

यंत्र आता उल्हासनगरला माझ्या खोलीत आहे. मी तिसरं पान उघडलं आणि दगडोबाचे सगळे पॉइंट परत घेतले. चौतीस, अधिक त्या तीन रविवारांत मिळालेले चार. त्याची ती जमीन हादरवणारी मूठ गेली. आता त्याला यंत्रच चालवतं. पहिल्याच चौकात तो मार खाऊन पडतो, मग मी जाऊन त्याला उठवतो. निलेश फोनवर सांगतो, "मामा, वापरा ते. नाहीतर शेवटची मोहीम काही पार होणार नाही." नसेल होत.

दिन्या म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. कारखान्यात मी दिनकरराव आहे, इमारतीत काका. रविवारी अकराला मी टीव्ही लावतो. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर दर वेळी एक चौकट येते. या वीराचे पॉइंट बाकी आहेत, मी वापरू का, असं यंत्र विचारतं. खाली हो आणि नाही. मी "नाही" दाबतो, आणि आम्ही चौघं निघतो.