हिंदुरावाच्या हातची गाडी

रविवार, १७ एप्रिल १९५५. चिंचवड. ऊन फार. सकाळी देहूरोडला जाताना गाडी वाटेत उकळून बंद पडली. बैल लावून दुपारी घरी आणली. इब्राहिम मिस्त्री आला. अंगणात मोठं भांडण. कैरीचं पन्हं केलं होतं, कोणी प्यायलं नाही.

माझ्या रोजनिशीतली त्या दिवशीची नोंद एवढ्यावर संपत नाही. पण पुढचं सांगण्याआधी हिंदुराव कोण, ते सांगायला हवं.

हिंदुराव आमचा ड्रायव्हर. मावळातला माणूस, युद्धात लष्कराची लॉरी चालवून आलेला. पन्नाशीचा, काटक, मिशा कातरीने कातरून सारख्या केलेल्या. मला तो आवडत नसे आणि त्याला मी आवडत नसे. दोघांनाही हे ठाऊक होतं, त्यामुळे निदान ढोंग नव्हतं. गाडीचं दार कोणी जोरात लावलं की तो येऊन ते पुन्हा उघडायचा आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत सावकाश लावायचा. मला पुण्याला जुन्या शाळेतल्या सिस्टरना भेटायला जायचं असलं, आणि आमच्या यांनी माझ्यासमोर त्याला तसं सांगून ठेवलेलं असलं, तरी तो म्हणायचा, "साहेबांना इचारून सांगतो." माझ्या मुलीने काचेला बोट लावलं म्हणून त्याने तिला रडवलं होतं. भाजीवाली, पोस्टमन, शेजारच्यांच्या शेळ्या, सगळ्यांशी त्याचं वाकडं. त्याची बायको रंभा मात्र हसरी. ती हसली की तिच्यावरही खेकसायचा.

दोघं आमच्या घरामागच्या खोलीत राहत. खोली नोकरीबरोबर दिलेली होती, चहाचं दूधही आमच्याच रतिबातून. गावचं घर त्याच्या भावांनी कधीच आपल्या ताब्यात घेतलं होतं. म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जाणार, हे तो जाणून होता आणि आम्हीही.

यांची बांधकामाची कंत्राटं होती. पिंपरीला नव्या कारखान्याच्या इमारती उठत होत्या, त्यामुळे रोज फेऱ्या. गाडी जुनी, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. फेब्रुवारीत तिच्यातलं पाणी कमी व्हायला लागलं. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा आणि संध्याकाळी झाकण काढावं तर पाणी खाली गेलेलं. यांनी रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली. सकाळी कागद कोरडे. यांनी निष्कर्ष काढला, ड्रायव्हर पाणी भरतच नाही.

"साहेब, पानी म्या भरतो," हिंदुराव म्हणाला, "पीत न्हाई."

मग इब्राहिमला बोलावलं. चिंचवड स्टेशनजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. मिस्त्री चांगला, पण जीभ हिंदुरावाइतकीच वाईट. त्या दोघांचं पहिल्या दिवसापासून जमत नव्हतं. इब्राहिम त्याला हवालदार म्हणायचा, आणि हिंदुराव हवालदार कधीच नव्हता.

इब्राहिमने इंजिन चालू ठेवून खाली वाकून पाहिलं. रेडिएटरच्या तळाच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं, पण गरम इंजिन आणि पंख्याचा वारा, त्यात थेंब खाली पडायच्या आत सुकून जाई. गाडी थंड झाली की सांधा आवळून बसे. म्हणून कागद कोरडे. त्याने तो सांधा कथील वितळवून झाळून दिला.

"ह्येच्या झाळीवर माशी बसली तरी फुटंल," हिंदुराव म्हणाला.

"हवालदारसाहेब, खड्डा बघून चालवा. टँक नाही ती."

झाळ चार दिवसांत पुन्हा पाझरू लागली. पुन्हा इब्राहिम, पुन्हा झाळ, पुन्हा तेच. त्या काळी ट्रकवाल्यांचा यावर एक उपाय होता: रेडिएटरमध्ये हळद टाकायची. ती पाण्यात फुगते, भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. आमच्या अंगणात या उपायाची गोष्ट निघाली तेव्हा दोघंही त्यावर तुटून पडले होते. इब्राहिम म्हणाला, हळद टाकतो तो मिस्त्री नाही, आचारी. हिंदुराव म्हणाला, लष्करात असल्या माणसाला गाडीच्या जवळ उभं करत नव्हते. त्यांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मार्चमध्ये गळती थांबली. एकदम थांबली. इब्राहिम म्हणाला, अखेर माझी झाळ धरली. हिंदुराव म्हणाला, मी नळीचे पट्टे आवळले म्हणून. हे खूश झाले आणि विषय संपला.

एप्रिल लागला आणि गाडी तापायला लागली. पिंपरीच्या चढावर वाफ, परत येताना वाफ. गंमत अशी की आता पाणी कमी होत नव्हतं. ओलं पोतं टाकून झाकण उघडावं तर आत भरपूर पाणी, आणि तेच खदखदतंय. यांनी जुनाच निष्कर्ष नव्याने काढला. हिंदुराव गाडी रेटून चालवतो. एकदा कारखान्याच्या फाटकाशी चार माणसांसमोर गाडी उकळली, तेव्हा हे त्याला म्हणाले, "आणखी एकदा जरी उकळली हिंदुराव, तरी मी दुसरा ड्रायव्हर बघणार. खोलीसकट."

हिंदुरावाने फक्त मान हलवली. घरी येऊन मात्र रंभाला भांडं आपटलं म्हणून शिव्या दिल्या. भांडं त्यानेच आपटलं होतं.

तर तो रविवार. देहूरोडला लष्कराच्या एका अधिकाऱ्याने गोदामांच्या कामासाठी यांना सकाळी बोलावलं होतं. काम मोठं होतं. गाडी पोचलीच नाही. हे टांगा शोधून पोचले तेव्हा साहेब निघून गेला होता. बबनराव नावाच्या गाडीवानाचे बैल लावून गाडी अंगणात आणली, आणि तिच्या मागून हे आले. शर्ट घामाने चिकटलेला. मी पन्ह्याचे पेले पुढे केले. त्यांनी हातानेच बाजूला सारले.

इब्राहिम आला. आल्याआल्या त्याने इंजिनातलं तेल बघायची कांडी ओढून पाहिली.

"इंजिनाचं हेड शाबूत आहे, साहेब. तेलात पाणी गेलं असतं तर ताकासारखं दिसलं असतं." मग हिंदुरावाकडे न बघता, "बरं झालं. चालवणाऱ्याने तर कसर ठेवली नव्हती."

"चालू करून बघ आदी," हिंदुराव म्हणाला. "तोंड मागनं चालव."

गाडी चालू केली. पंखा फिरत होता, पट्टा घट्ट होता. थोड्या वेळाने इब्राहिमने रेडिएटरच्या वरच्या भागाला तळवा लावला आणि झटकन काढला. हिंदुराव पलीकडून वाकला, खालच्या भागाला हात लावून तसाच ठेवला.

"खाली गार हाय," तो म्हणाला.

"वर हात भाजतोय," इब्राहिम म्हणाला. "पाणी खाली उतरतच नाही. आत तुंबलंय."

दोघांनी मिळून रेडिएटर काढला, उलटा केला, आणि टाकीच्या नळाची रबरी नळी खालच्या तोंडात घालून पाणी सोडलं. आधी काही नाही. मग दुसऱ्या तोंडातून पिवळा लगदा बाहेर पडला. घट्ट, थबथबीत. पडतच राहिला. वास मला ओट्यावर आला.

"हळद आहे," मी म्हणाले.

इब्राहिम सरळ उभा राहिला. "घ्या साहेब. ड्रायव्हरची करामत."

"व्हय, टाकली," हिंदुराव म्हणाला. "येक मूठ. रंभाच्या डब्यातली. पन ही तर आख्ख्या लग्नाची हळद निगाली. बाकीची कुनाची?"

इब्राहिम चिंधीला हात पुसत राहिला. बराच वेळ पुसले.

"माझी," तो म्हणाला. "झाळ धरत नव्हती. साहेबांना दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाहिजे होती."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुला सांगू? स्टेशनभर बोंब मारली असतीस."

"मारलीच असती! आचारी कुठला!"

"आणि तू रे? तू कोणाला सांगितलंस?"

रंभा खोलीच्या दारात उभी होती. तिला हसू आवरलं नाही, आणि त्या हसण्याने सगळंच बिघडलं. हे ओरडले, "माझं काम गेलं आणि तुमचा तमाशा चाललाय! दोघांनीही चूक झाली म्हणा, एकमेकांच्या तोंडावर. नाहीतर मी बोललो होतो तसं करीन."

इब्राहिमवर यांचा काही जोर नव्हता. तो निघून गेला असता तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "माझी चूक झाली." हिंदुरावाकडे बघून म्हणाला. सुखाने नाही म्हणाला, पण म्हणाला.

आता हिंदुरावाची पाळी होती. रंभाचं हसू केव्हाच विरलं होतं. "म्हना की वो," ती म्हणाली, "दोन शब्द. जीभ झडनार हाय का?"

हिंदुराव त्या पिवळ्या लगद्याकडे बघत होता. "येका मुठीनं गाडी मरत न्हाई," तो म्हणाला. "माजी मूठ बरोबर व्हती. दुसरी चुकीची. म्या चूक म्हननार न्हाई."

"मग खोली रिकामी करा," हे म्हणाले.

त्याने किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. माझ्यासमोरून जाताना थांबला. "बाईसाहेब, पुन्याला जायचं तर आता दुसऱ्याला इचारा." मी म्हणाले, "विचारीन."

बबनरावाची बैलगाडी अजून दारातच होती. तिच्यावर ट्रंक, वळकटी आणि भांडी चढली. रंभा वर बसली आणि वेशीपर्यंत मोठमोठ्याने नवऱ्याचा उद्धार करत गेली. हिंदुराव गाडीत बसला नाही. बैलांच्या पुढे चालत गेला.

पुढे तो चाकणला कांद्याच्या ट्रकवर लागला, असं कळलं. तिथेही मालकाशी भांडला, मग दुसऱ्या मालकाशी. आमच्याकडे तो कधी आला नाही. रंभा एकदा संक्रांतीला येऊन गेली आणि त्याच्याविषयी तक्रारी करून गेली. काही वर्षांनी त्याच्या मरणाची बातमी इब्राहिमने आणली. तो मयतीला जाऊन आला होता. आमच्या अंगणात उभा राहून त्याने हिंदुरावाला पोटभर शिव्या दिल्या: अडेल, खडूस, कुणाचं न ऐकणारा. मला त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही.

त्या रविवारी दिवे लागल्यावर मी नोंद पुरी केली. शेवटची ओळ अशी आहे: मागच्या खोलीला कुलूप लावलं. गवळ्याला उद्यापासून अर्धा शेर दूध कमी घालायला सांगितलं.