मागच्या खोलीचा पाया

मायचा फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर होते. "शेजाऱ्यानं जेसीबी लावलाय," ती म्हणाली, "आपल्या भिंतीला चिटकून खोदून राह्यला." मी अर्धी रजा टाकली, जालन्याहून भोकरदनची बस धरली आणि तिथून जीपने गावी पोचले.

आमचं घर तीन खोल्यांचं. आजोबा वीटभट्टीवर मजुरीला होते. वाकडी, जास्त भाजून काळी पडलेली वीट गिऱ्हाईक घेत नसे. तसल्या विटा मालक त्यांना नेऊ देई. त्या डोक्यावर वाहून आणून, चिखलात रचून त्यांनी मागची खोली उभी केली. वस्तीतलं ते पहिलं विटांचं घर. पुढच्या दोन खोल्या वडिलांनी शिपायाची नोकरी लागल्यावर सिमेंटमध्ये बांधल्या. पण जुनं आणि नवं बांधकाम एकमेकांना नुसतं टेकलेलं होतं, विटा गुंतवल्याच नव्हत्या. त्या जोडावर एक बारीक फट होती. उन्हाळ्यात रुंद व्हायची, पावसाळ्यात मिटायची. काळ्या मातीवरचं घर, हे चालायचंच, असं वडील म्हणत.

मी पोचले तेव्हा त्या फटीत माझं बोट जात होतं.

मागच्या खोलीच्या भिंतीलगत, त्याच्या नव्या भिंतीच्या पायासाठी पुरुषभर खोल चर खणलेला. शेजारी मायला सांगत होता, "काकू, मी माझ्याच जागेत खोदून राह्यलो ना?" ते खरंच होतं, त्यामुळे भांडताही येईना. मी दोन दिवस मागितले. तो कुरकुरत का होईना, थांबला.

वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आले. चरात उतरून त्यांनी हाताने माती खरवडली. "पाया गुडघाभरच हाये, बाई. खालच्या कडक मुरमापर्यंत गेलाच न्हाई." मग फटीवर आडवी काचेची पट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवली. "काच तडकली की समजायचं, भिंत सरकली. मंग आत बिलकुल जायचं न्हाई."

मी रजा वाढवली. रस्त्याने ट्रॅक्टर गेला की काचेकडे बघायची. भांडं पडलं तरी बघायची. त्या मागच्याच खोलीत मायचा स्वयंपाक होता आणि ती तो हलवायला तयार नव्हती. "तू बघून बघूनच पाडशील भिंतीला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कणीक मळत असताना टक्‌ असा आवाज झाला. काच मधोमध तडकली होती. मी मायला दंड धरून ओढलं.

"अगं, परात तर घेऊ दे!"

"माय, चल!"

आम्ही उंबऱ्याबाहेर पडलो आणि मागे गिलाव्याचा मोठा पोपडा शेगडीच्या ओट्यावर आदळला.

मिस्त्रींनी बल्ल्यांचे टेकू लावले, पण भिंत वाचणार नव्हती. आपण उतरवली नाही तर पुढच्या खोल्याही ओढून नेईल, म्हणाले. माय पायरीवर बसली होती. बोटांना लागलेली कणीक वाळून गेली होती.

"तुझ्या आजोबांना पाया खोल घ्यायचा व्हता," ती म्हणाली. "पण तितक्या विटा कुठून आणणार?" मग मिस्त्रींना म्हणाली, "उतरवा दादा. फक्त विटा फोडू नका."

शेजारी न बोलावता आला. त्याचे मजूरही आले. संध्याकाळपर्यंत एकेक वीट हातोहात अंगणात गेली. चर मुरूम टाकून बुजवला आणि त्याने आपल्या भिंतीची आखणी दोन फूट मागे घेतली.

नवी खोली आता मुरमावर उभी आहे, जोडही पक्का आहे. तरी मायची शेगडी अजून पुढच्याच खोलीत आहे. विचारलं की म्हणते, "मागं गिलावा वला हाये अजून." तो वाळून चार महिने झाले. मी तिला तसं सांगत नाही. खरं तर, ती तिथे बसत नाही याचं मलाच बरं वाटतं.