आईच्या नावावरचा जोड

मिनेसोटातल्या त्या तळ्यावर बोटीला व्हिनाइल, म्हणजे रंगीत चिकट प्लास्टिकचं वेष्टण, चढवावं ते आर्डेलनंच. तिच्या हातची कड कधी उचलली नाही, कुणालाही विचारा. पण घटस्फोटात बाई बापाच्या बोटीला मुकली. म्हाताऱ्यानं भोळेपणानं कागद जावयाच्या नावावर केले होते. जावई वेंडल बोट घेऊन चालता झाला. बोटीच्या पुढच्या अंगाला म्हाताऱ्यानं स्वतः रंगवलेलं बायकोचं नाव होतं, मेव्हिस. मेल्यानं तेही घासून काढलं. पण इतक्या वर्षांच्या उन्हानं भोवतीचा रंग विटलेला, त्यामुळे अक्षरं गेली तरी त्यांचा गडद ठसा राहिलाच.

तो ठसा झाकायला वेंडल कुणाच्या दारात यावा? आर्डेलच्याच. निर्लज्जपणाला काही सुमार!

"चार जुलैच्या बोटींच्या मिरवणुकीला हवंय, आर्डी. निळं व्हिनाइल, वर 'कँडेस'," त्यानं नव्या बायकोचं नाव सांगितलं. "तुझ्या आईचं भूत दिसायला नको हं."

आर्डेलचा तिळपापड झाला, पण वरून ती गोडच बोलली. "तू म्हणशील तसं. मिरवणुकीपर्यंत शेडमध्ये ठेव मात्र, चमक टिकते."

व्हिनाइल ताणून बसवलं की शेवटी त्याला कडकडीत धग द्यावी लागते. तेव्हा कुठे ते आपला मूळ आकार विसरतं, नाहीतर उन्हात आखडतं. आर्डेलनं दोन तुकड्यांचा जोड नेमका आईच्या नावावर आणला, दोन्ही बाजूंनी मरणाचं ताणलं, वरून दाबपट्टी फिरवून सपाट केलं. शेवटची धग काही दिली नाही.

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ऊन नुसतं भाजत होतं. सजवलेल्या बोटींच्या रांगेत वेंडल ऐटीत सुकाणू धरून उभा, शेजारी कँडेस हात हलवतेय. धक्क्यासमोर येईतो जोड उघडला आणि पडदा सरकावा तसं व्हिनाइल दोन्हीकडे आखडत गेलं. कँडेसच्या नावाचा चोळामोळा झाला. मधे ठसठशीत ठसा.

"मेव्हिस," म्हाताऱ्याचा जुना मित्र लोवेलनं धक्क्यावरून मोठ्यानं वाचलं आणि टोपी काढली. शेजारी उभ्या आर्डेलनं हातातल्या सॉसेजचा घास घेतला.

बोट धक्क्याला लावून वेंडल लालबुंद होऊन ओरडला, "हे काम म्हणायचं का तुझं? कड उचलली!"

सॉसेजचा घास गिळून आर्डेल म्हणाली, "माझी कड उचलत नाही, वेंडल. अख्ख्या तळ्याला ठाऊक आहे. मी उचलू दिली तरच उचलते."