मैत्री ओव्हाळचं ‘टपाल’

मैत्री ओव्हाळला मी पहिल्यांदा पाहिलं ते दोन हजार दहा साली, नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये. मी तेव्हा प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करायचो. ती नुकतीच बंगलोरहून समकालीन नृत्य शिकून आली होती. तिच्या नाचात घुंगरू नाहीत, मुद्रा नाहीत, बरेचदा गाणंही नाही. एकदा तालीम पाहून हॉलचे मालक म्हणाले, “व्यायाम चांगला आहे.” ते कौतुक नव्हतं.

तिचे वडील बाबुराव टपालखात्यात सॉर्टिंगला होते. बत्तीस वर्षं खणांसमोर उभं राहून त्यांनी गावोगावची पत्रं लावली. बायको लवकर गेली, मुलीला त्यांनीच वाढवलं. तिला बंगलोरला पाठवताना वारज्याच्या सोसायटीत कुणीतरी विचारलं, “नाचायला एवढ्या लांब?”

“नाचायलाच,” बाबुराव म्हणाले, आणि विषय संपला.

वडिलांच्या त्या उभं राहण्यावर मैत्रीनं चाळीस मिनिटांचा एकटीचा नाच बसवला. नाव ‘टपाल’. पत्र उचलायचं, पत्ता वाचायचा, खणात टाकायचं, एवढंच. पण ते हळूहळू हातातून पाठीत, पाठीतून पायांत उतरायचं, आणि पत्रं संपली तरी अंग थांबायचं नाही. दिवे माझे होते. पहिल्या प्रयोगाला साठेक माणसं आली. बाबुराव पुढच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. प्रयोग संपल्यावर ते विंगेत आले.

“गठ्ठा डाव्या हातात धरायचा,” ते म्हणाले. “तू उजव्यात धरलास. असं केलं तर पाळी संपेपर्यंत खांदा जाईल.”

मैत्रीनं अख्खा नाच मोडून पुन्हा बसवला. हात बदलला की अंगाचा तोल बदलतो, तोल बदलला की प्रत्येक वळण बदलतं. तिला दीड महिना लागला. पुढच्या प्रयोगाला बाबुराव काही बोलले नाहीत, नुसती पसंतीची मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती दिवसभर तेच सांगत होती.

पुढच्या पाच वर्षांत मिळून अकरा प्रयोग झाले. अकराव्यानंतर ती विंगेतून उठलीच नाही. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडत चालला होता, आणि दुखणं ती दोन वर्षं अंगावर काढत होती. चौतिसाव्या वर्षी तिचा खुबा बदलला.

“चाला, पोहा,” डॉक्टर म्हणाले.

“आणि नाच?”

“ते आता राहू द्या.”

मग तिनं ठरवलं, ‘टपाल’ दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. रेकॉर्डिंग एकच होतं, पहिल्या प्रयोगाचं, म्हणजे चुकीच्या हाताचं. त्यामुळे ते पाहून शिकवता येत नव्हतं. वल्लरी नावाची तिची सगळ्यात तयारीची विद्यार्थिनी होती. रोज सकाळी मैत्री खुर्चीवर बसून बोलायची आणि वल्लरी करायची. “हात दाखवू नकोस. पाठ थकू दे.” मध्ये कोरोनाची दोन वर्षं गेली. तरी मुलगी टिकली, नाच तिच्या अंगात बसला. तारीख ठरली. बाबुरावांना दिसायला कमी झालं होतं, पण त्यांनी येणार म्हणून सांगितलं.

दहा दिवस आधी तालमीनंतर वल्लरी म्हणाली, “ताई, मला नाही जमणार.”

“सगळं जमतंय तुला.”

“करता येतंय. पण मला आतून काही होत नाही. मी आयुष्यात कधी पत्र टाकलेलं नाही, ताई. तुम्ही थक म्हणता म्हणून मी थकते. लोकांना ते कळेल.”

मी तिथेच वायरी गुंडाळत होतो. मुलगी खोटं बोलत असती तर मैत्रीला भांडता तरी आलं असतं.

प्रयोग रद्द झाला. बाबुरावांनी कारण विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. मैत्रीनं आणखी दोघींना शिकवून पाहिलं. एक आयटीत लागली, दुसरी महिन्याभरात येईनाशी झाली. नारायण पेठेतल्या त्या हॉलमध्ये आता स्पर्धापरीक्षेची अभ्यासिका आहे.

गेल्या डिसेंबरात कात्रजकडच्या एका शाळेत स्नेहसंमेलनाचे दिवे लावायला गेलो, तर नाच बसवायला मैत्री. प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हातात माइक.

“पुन्हा एखादी मुलगी मिळेल,” मी म्हणालो.

“मिळेल, आमोद. पण मधली दहा मिनिटं मलाच आठवत नाहीत. खूप प्रयत्न केला. वल्लरीच्याही अंगातून ती गेली आहेत.”

“जेवढं आठवतंय तेवढं लिहून ठेव.”

“लिहिलं होतं. हात वर, हात खाली, एवढंच दिसतं कागदावर. टाकून दिलं.”

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. “मॅडम, तिसरीचं गाणं लांबतंय. पालकांना मुलं दिसली की झालं. तीन मिनिटांत बसवा ना.”

“बसवते,” मैत्री म्हणाली, आणि माइक तोंडाशी धरून तिनं तिसरीच्या मुलांना रांगेत उभं राहायला सांगितलं.