सवतीचा कुत्रा

मी दुसरेपणाची. लग्न होऊन देवासला आले तेव्हा पहिलीचं सगळं घरात जिथल्या तिथं होतं. तिची पेटी, तिचा आरसा, अंगणात तिनं लावलेली कण्हेर. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या गळ्यात तिचा टाक घातला. दुसरेपणावर आलेलीनं गेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा एवढासा पत्रा गळ्यात बाळगायचा, अशी आमच्याकडची रीत. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग मी नेसायचं. गोडधोड झालं की आधी टाकाला, मग मला. माहेरी मी भावांच्या पाठीवर झालेली एकुलती एक मुलगी, कुणाचं उष्टं खायची सवय नव्हती. इथं नवराच उष्टा मिळाला, तिथं लुगड्याचं काय घेऊन बसलात!

टाक निदान मुका होता. कुत्रा मुका नव्हता. तो खोकायचा, कण्हायचा, आणि मी मागच्या पडवीतून गेले की हुंगून तोंड फिरवायचा. तांबूस रंगाचा साधा गावठी कुत्रा. पिलू असताना तिनं रस्त्यावरून उचलून आणून दुधाच्या बोळ्यावर वाढवलेला. त्याचं नाव तिनं ठेवलेलं, म्हणून मी ते कधी तोंडावाटे काढलं नाही. मी त्याला "ए" म्हणत असे. मी आले तेव्हाच तो म्हातारा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कान आतून चिघळलेले, मागचे पाय लुळे पडत चाललेले, छातीत कफ. बसल्या जागी पोतं ओलं करायचा. एक दुखणं जरा हटतंय म्हणावं, तोवर दुसरं डोकं वर काढी.

असल्या कुत्र्याला घरात कोण ठेवतं? पण त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ती प्लेगाच्या साली गेली. दहाव्याला क्षिप्रेच्या काठी पिंड मांडला आणि कावळा शिवेना. मंडळी एकेक कबूल करत गेली. तुझ्या आईला अंतर देणार नाही, तुझं राहिलेलं उद्यापन करू, तुझा दागिना मोडणार नाही. कावळा आपला झाडावरच. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करायला लागले. तेव्हा आमचे हे पुढे झाले आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "तुझ्या कुत्र्याला मी शेवटपर्यंत माझ्या हातानं सांभाळीन." कावळा उतरला. हे सांगताना सासूबाई दर वेळी डोळ्यांना पदर लावत. माझं मत विचाराल तर कावळ्याला भूक लागली होती. पण मला कोण विचारतंय.

शब्द दिला तसा यांनी पाळलाही. रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी हे पडवीत उकिडवे बसत. कडुनिंबाच्या पाण्यात बोळा बुडवून त्याचे कान पुसत, मागच्या पायांना कोमट तेल चोळत, पोतं उन्हात टाकून दुसरं अंथरत. आणि बोलत. ते बोलणं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत असे. "दुखतंय का रे? झालं हं, झालंच. शहाणा तो." आवाज कसा, तर लोण्यासारखा. वडीलधाऱ्यांच्या देखत नवरा-बायकोनं बोलायचं नाही असे ते दिवस. आमच्यात बोलणं म्हणजे "पाणी" आणि "पंचा". मला हिवताप आला होता तेव्हा यांनी उंबऱ्याबाहेरून सासूबाईंना विचारलं, "आता कसं आहे?" आणि पायांत वहाणा सरकवल्या. त्या दिवशीसुद्धा कुत्र्याचे पाय चोळून झाले होते.

माझा जळफळाट होई. त्याची मला तेव्हाही लाज नव्हती, आताही नाही. सोळा-सतराची पोर मी. मला पैठणी नको होती, गोठ नको होते. या घरात एका तरी जिवानं तिला सोडून माझ्याकडे वळावं, एवढंच मला हवं होतं. यांच्याकडून ते घडेल असं दिसेना. मग मी मनाशी म्हटलं, तिचा कुत्राच घेते.

संधी धारनं दिली. धार दरबाराला जुनं दफ्तर लावून घ्यायचं होतं, मोडी झरझर वाचणारा माणूस हवा होता, म्हणून यांना काही महिन्यांसाठी मागून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या होत्या. तेव्हा हे चक्क स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्या हातातून झारा पडायचा बाकी राहिला.

"ऐक," हे म्हणाले. "कानात तेल घालताना आधी मनगटावर थेंब टाकून बघ. गार असलं तर तो मान झटकतो, कढत असलं तर चावायला येतो. डावा पाय आधी चोळायचा. उजव्याला एकदम हात लावलास तर कळवळतो. खोकला वाढला तर समोरच्या वैद्यांकडून अडुळसा आण. आणि त्याच्याशी बोलत जा."

"त्याला ऐकू कुठं येतंय?" मी म्हटलं.

"नसेल येत. तरी बोलत जा."

लग्नानंतरचं आमचं हे पहिलं लांबलचक बोलणं. सगळं कुत्र्याच्या कानाबद्दल. धारच्या रस्त्यावर यांची बैलांची धमणी दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते, आणि यांनी एकदा मागं वळून बघितलं ते पडवीकडे.

पहिल्याच दिवशी कुत्र्यानं माझ्या हातचं खायला नकार दिला. दूधभाकरी, ताकभात, साखर घातलेली साय, कशालाच तोंड लावीना. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, तिच्या पेटीतलं एखादं लुगडं नेस. वासानं ओळखेल. मुकं जनावर ते, त्याला काय कळतंय कोण आहे ते?"

माझं पित्त खवळलं. तिचा टाक मी गळ्यात घालते, तिच्या सासूचे पाय चेपते, तिच्या नवऱ्याची वाट बघते, आणि आता तिच्या कुत्र्यानं चार घास खावेत म्हणून मीच ती व्हायचं? "नाही नेसणार," मी म्हटलं. सासूबाईंना मी उलटून बोलले ती ही पहिली वेळ. कुत्र्याला मी म्हटलं, "ए, खायचं तर माझ्या हातचं खा, नाहीतर उपाशी मर." त्याला ऐकू येत नव्हतं, हे एका परीनं बरंच होतं.

तोही हट्टी, मीही हट्टी. मी जवळ बसून राहिले. बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, केले होते त्या दिवशी मी एक बाफला तुपात कुस्करला, त्यात ऊन वरण कालवलं आणि बोटावर घेऊन त्याच्या नाकाशी धरलं. माळव्यातल्या कुत्र्याला बाफल्याचा मोह कुठला सुटायला! त्यानं आधी हुंगलं, मग बोट चाटलं. दात नव्हतेच, नुसत्या खरखरीत हिरड्या लागल्या. मला असा काही आनंद झाला की मी तिथंच बसून रडले.

मग मी त्याचं सगळं हातात घेतलं. कुत्र्याला शिवलं की आंघोळ केल्यावाचून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. माघ महिन्याची थंडी, आणि मी सकाळपासून आंघोळीच करतेय. शेवटी सासूबाईच कंटाळल्या, "तू आपली पडवीतच बस, चुलीचं मी बघते," म्हणाल्या. देवासात एकाच गावात दोन राजे, थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा, आम्ही थोरल्याचे. आमच्या थोरल्या पातीच्या पागेतला सलोत्री, म्हणजे घोड्यांवर औषध करणारा, त्यालाही मी बोलावून घेतलं. त्यानं कुत्र्याच्या पोटावरून हात फिरवला, डोळ्याची पापणी उचलून बघितली आणि म्हणाला, "बाई साब, भिया तो अब बूढ़ा हो गया. घोड़ा होता तो कुछ करते." वैद्य राहत होते रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे धाकट्या पातीच्या राज्यात. मी या राज्यातून त्या राज्यात अडुळसा आणायला रोज पदर सावरत जाई. बायका विचारत, कुणाला खोकला झालाय? मी म्हणे, घरातल्या म्हाताऱ्याला.

बोलायचं काय, हा प्रश्न होता. मी त्याला तिची उणीदुणी सांगायला लागले. तिचं शिवण कसं ओबडधोबड होतं, तिच्या हातच्या लोणच्याला बुरशी कशी आली होती, आरशात बघून मला कसं वाटतं की ती माझ्यापेक्षा काळीच असणार. तो कोमट तेलाच्या सुखात डोळे मिटून पडलेला असे. हळूहळू मी जवळ आले की त्याची शेपटी पोत्यावर आपटायला लागली. होळीच्या सुमारास एका सकाळी तो पुढच्या पायांवर सरपटत आला आणि त्यानं माझ्या पावलांवर मान टाकली. मी गळ्यातला टाक हातात धरून म्हटलं, "बघितलंस?"

गुढीपाडव्याला हे धारहून आले. पाय धुतले आणि तडक पडवीत गेले. मी दाराआड उभी. हे उकिडवे बसले, "आलो रे" म्हणाले आणि नेहमीसारखा त्याच्या मानेवर हात ठेवला. कुत्रा गुरगुरला. डोळ्यांना दिसत नव्हतं, कानांना ऐकू येत नव्हतं, इतके महिने नाकाला माझ्याच हाताचा वास. यांनी पुन्हा हात पुढं केला, तर त्यानं बिनदाताचा जबडा उघडून तो पकडला. मी पुढं झाले. माझा वास येताच तो शेपटी आपटायला लागला.

अहाहा! काय वाटलं म्हणून सांगू! यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी डोळ्यांत. मग उठून आत गेले.

मला वाटलं होतं, आता हे माझं कौतुक करतील. निदान रोज पडवीत येतील, काय खाल्लं, कसं झोपला, विचारतील. तसलं काही नाही. हे पडवीत यायचेच बंद झाले. सकाळी तेवढा वेळ मोकळा मिळाला तो हे तिच्या कण्हेरीजवळ घालवू लागले. आळं करायचं, पाणी घालायचं, वाळली पानं खुडायची. एक कुत्रा मी काढून घेतला तर यांनी झाड धरलं. मी कुठवर काढून घेत जाणार होते? पूर्वी खिडकीतून यांचा तो आवाज तरी ऐकू यायचा, आता तोही नाही. पाय चोळता चोळता मी कुत्र्यावरच डाफरत असे, "तुला घेऊन माझं काय भलं झालं?"

चैत्र सरता सरता त्यानं खाणं सोडलं. बाफल्यालाही तोंड लावीना. सासूबाई शेजारणींबरोबर हाटपिपल्याला नरसिंहाच्या दर्शनाला गेल्या होत्या. कचेरीला सुट्टी होती, हे पुढल्या दारी काही वाचत बसले होते. दुपारी कुत्र्याचा श्वास भलताच लागला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदराच्या टोकानं पाण्याचे थेंब तोंडात सोडले. यांना हाक मारायला हवी हे मला कळत होतं. मारली नाही. एवढं तरी माझं एकटीचं असू दे, असं मनात होतं.

हे आपणहून आले. दारात उभे राहिले, पुढं येईनात.

"शेवटपर्यंत माझ्या हातानं, म्हणालो होतो," हे म्हणाले. "तेही नाही झालं."

मी पदराचं टोक पुन्हा पाण्यात बुडवलं.

"ती गेली तेव्हाही मी दौऱ्यावर होतो. गावाबाहेर माळावर झोपड्या टाकल्या होत्या. तिला गाठ आली तसे सगळे लांब झाले. आईसुद्धा. हा एकटा तिच्याजवळ होता. मी पोचलो तर हा दारातून मला आत जाऊ देईना. असाच गुरगुरला."

इतके दिवस मी समजत होते की यांना तिची आठवण येते. आठवणीशी मी भांडले असते, माझ्यात तेवढी धमक होती. हे काही निराळंच होतं. हे रोज सकाळी त्या झोपडीच्या दारात जाऊन उभे राहत होते, आणि मी मध्ये बसून यांना पुन्हा आत जाऊ दिलं नव्हतं. तरीसुद्धा खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की ही मरूनसुद्धा किती मिळवते!

"या," मी म्हटलं. "इथं बसा."

हे बसले. मी यांचा हात धरला. उजेडात, दार उघडं असताना, लग्नानंतर पहिल्यांदा. तो कुत्र्याच्या छातीवर ठेवला आणि वर माझा हात ठेवला, म्हणजे त्याला आधी माझा वास यावा. तो किंचित गुरगुरला. मी दाबून धरलं. मग त्याची मान सैल झाली आणि त्यानं यांच्या मनगटावर एकदा जीभ फिरवली. थोड्या वेळानं आमच्या हातांखालची धडधड थांबली.

हे वाकले आणि मोठ्यानं रडू लागले. पुरुषमाणसाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. आणि रडता रडता यांनी हाक मारली. मला यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती. ही हाकही माझ्या नावाची नव्हती. तिच्या नावाची होती. यांची मान अजून खालीच होती, आणि यांनी पुन्हा हाक मारली, ओ येईल की नाही अशा धास्तीनं.

"ओ," मी म्हटलं. "इथंच आहे. बोला काय ते."