मधल्या अक्षरावरचा जोर

चाकणच्या एका कंपनीत मी इटालियन शिकवते. मशिनं तिकडून येतात, आणि प्रशिक्षणाला इटलीला कुणाला पाठवायचं ते बोलण्याच्या परीक्षेवर ठरतं. यंदा जागा एकच होती. ती राजगुरुनगरच्या एका बाईला मनापासून हवी होती. तिचा नवरा याच कंपनीत मशीनवर होता. आजारपणात खाटेवर पडल्यापडल्या त्याने तिला ते मशीन तोंडी शिकवलं आणि तो गेल्यावर कंपनीने तिला कामावर घेतलं.

बाई हुशार, पण बोलताना हेल काढायची. ‘लावोरो’ म्हणजे ‘मी काम करते’. ला-वो-रो, जोर मधल्या ‘वो’वर. ही शेवटचा ‘रो’ ओढायची, लावोरोऽ. तेवढ्याने अर्थ पालटतो, ‘त्याने काम केलं’ असा होतो. मी ‘वो’ला टेबलावर पेन आपटायचे, चिडायचे. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

“आमच्याकडं हेल काढल्याबिगर बोलणं पुरं होत न्हाई, मॅडम.”

“इटलीत होतं,” मी म्हणाले. “तुम्ही ‘मी’ म्हणायला जाता आणि ‘तो’ येतो. तोही होऊन गेलेला.”

वर्ग हसला. ती हसली नाही. “म्हंजी जोर सरकला की माणूस गेला, व्हय?” तिने शांतपणे विचारलं. मी पेन खाली ठेवलं. त्यानंतर ती कंपनीच्या बसमध्येसुद्धा ला-वो-रो पुटपुटायची, ‘वो’ला मान हलवत.

परीक्षा व्हिडिओ कॉलवर होती. मी तिच्या शेजारी बसले होते. पलीकडच्या इटालियन साहेबांनी विचारलं, काय करता? “लावोरो,” ती म्हणाली. जोर अगदी जागच्या जागी. मी सुटकेचा श्वास टाकला. मग साहेबांनी विचारलं, मशीन कुणी शिकवलं?

“मिओ मारीतो,” ती म्हणाली. माझ्या नवऱ्याने. जरा थांबली. “लावोरोऽ क्वी.”

सवयीने माझं पेन उचललं गेलं होतं. ते तसंच हातात राहिलं. त्याने इथे काम केलं, असंच ती म्हणाली होती. साहेबांनाही कळलं. त्यांनी क्षणभर मान खाली घातली.

जागा तिलाच मिळाली. बाहेर पडताना तिने पदराने डोळे पुसले.

“मॅडम,” ती म्हणाली, “आज हेल मुद्दाम काढला.”